गॅरेजमध्ये पाणी मुरतंय

"नका घेऊ तो डबा. पापुद्रे निघतील."

रंगाच्या दुकानात, अगदी कानाशी कुणीतरी हे बोललं. धाकटी वळली. मागे एक उंच माणूस उभा होता. हातात लांब दांड्याचा रोलर, बुटांवर जगातले सगळे राखाडी रंग, आणि तोंडावर न विचारता सल्ला देणाऱ्यांच्या तोंडावर असतो तो निवांतपणा.

"तुम्हाला कुणी विचारलं?" धाकटी म्हणाली.

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय… राहवलं नाही."

दुकानदार काका वैतागले. "अहो कोटिंगवाले, माझं गिऱ्हाईक तोडू नका. डब्यावर लिहिलंय, फरशीचा रंग."

"फरशीचाच आहे, काका. पण घरात माणसं चालतात आणि गॅरेजमध्ये तापलेले टायर येऊन उभे राहतात. टायर निवताना रंगाला धरून बसतो. सकाळी गाडी काढली की रंग निघाला गाडीबरोबर."

"टायरबद्दल मला शिकवू नका," धाकटी म्हणाली. "माझं अर्धं आयुष्य टायरला टेकून गेलंय. काका, दोन डबे द्या."

त्याचं म्हणणं तिला पटलं होतं, आणि खरी गोम तिथेच होती. ज्या बाईला नळाचं वॉशर बदलणाऱ्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत प्रत्येक पुरुषाने 'ताई, तुम्हाला नाही कळायचं' असं ऐकवलेलं असतं, तिला खरं बोलणाऱ्याचाही आधी रागच येतो. चूक तिची नसते. भोगतो मात्र तो एखादा बिचारा, जो त्या दिवशी चुकून खरं बोललेला असतो.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. आधी घरचे म्हणायचे, मग गल्ली म्हणू लागली. दुचाकी खोलून पुन्हा जोडण्यात तिचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, तरी ती धाकटीच. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तिचं दुरुस्तीचं काम चाले. आणि सध्या ते गॅरेजच धोक्यात होतं.

झालं असं, की दादाला अचानक स्वच्छतेचा पुळका आला. वहिनीसोबत वरच्या मजल्यावर राहणारा हा तिचा थोरला भाऊ एका सकाळी खाली आला, तेलाचे डाग बघितले, कितीही झाडलं तरी उडणारी सिमेंटची धूळ बघितली आणि म्हणाला, "हे गॅरेज आहे की भंगाराचं कोठार? जागा माणसात आण. फरशी अशी कर की मी अनवाणी उभा राहिलो पाहिजे. मग गॅरेज कायमचं तुझं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पसारा आवर आणि बाहेर काम शोध."

दादा तोंड उघडणार नाही, या आमिषापोटी माणूस डोंगरही रंगवेल. धाकटीने फरशी रंगवली. दिसली झकास. वर्गातल्या हुशार मुलीसारखी चकचकीत. मग एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल तिने लांबवर पळवून आणून आत लावली, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढली. गाडीने दोन्ही चाकांत मोजे घातले होते. राखाडी, नवेकोरे. फरशीवर तेवढ्याच आकाराची दोन भगदाडं.

धाकटीने तो पापुद्रा उचलला आणि तशीच दुकानात गेली. फरशांवर थर चढवायचं काम करणारा तो कोटिंगवाला काउंटरला टेकून काकांचा चहा पीत होता. तिने पापुद्रा त्याच्या कपाशेजारी ठेवला.

"म्हणा," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"'मी म्हटलं होतं ना.' एकदाच म्हणा आणि संपवा. मला वारंवार ऐकायची सवय नाही."

त्याने पापुद्रा उचलून उजेडात धरला, उलटा केला, मागे चिकटलेली धूळ अंगठ्याने चोळली.

"टायर पकडतोच," तो म्हणाला, "पण एवढा सहज नाही निघत. खाली काहीतरी आहे… मी आधी फरशी बघू का?"

बस. नजरेला नजर दुकानात भिडली होती, पण त्याला काही अर्थ नव्हता. नजर तर उधारीवाल्याशीही भिडते. हातात आयता टोमणा असूनही तो खाली ठेवणारा पुरुष धाकटीने पहिल्यांदाच पाहिला होता. तिला जरा धाप लागल्यासारखं झालं. दुकान चढावर आहे म्हणून असेल, असं तिने ठरवलं. दुकान उतारावर होतं.

तो संध्याकाळी आला. गॅरेजमध्ये उकिडवा बसला, हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकून ठोकून ऐकली. मग पिशवीतून नमुन्यांच्या फळ्या काढून बाकावर मांडल्या. बाक म्हणजे मागच्या भिंतीला पक्कं बसवलेलं तिचं कामाचं लांबलचक टेबल.

"हा बघा, सगळ्यात जास्त खपणारा. राखाडीवर पांढरे-काळे ठिपके. डाग दिसत नाहीत, धूळ दिसत नाही, लोक तर म्हणतात—"

धाकटीने खिशातून एक चिमुकला स्क्रू काढला आणि त्या फळीवर टाकला.

"शोधा."

तो वाकला. डोळे बारीक केले, फळी तिरकी केली. स्क्रू घरंगळून खाली गेला आणि कायमचा गेला.

"लोकांच्या गॅरेजमध्ये झाडू उभा असतो," ती म्हणाली. "माझ्याकडे स्क्रू पडतात. एकरंगी, फिका राखाडी. आणि खरखरीत. तेल सांडलं तर मी आपटायला नको."

"वरच्या थरात बारीक वाळू टाकू." तो अजूनही खाली बघत होता. "एवढी वर्षं मी हे ठिपके कौतुकाने विकतोय… एकानेही स्क्रू टाकून नाही दाखवला."

"एकाही बाईने म्हणा. बाई भेटलीच नसेल."

"नाही," तो म्हणाला. मग घाईने, "म्हणजे… गॅरेजवाली."

जाताना त्याने पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा फरशीवर अंथरला आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला.

"हे काय?"

"फरशीला घाम येतो का बघायचंय."

"आणि आला तर?"

"तर आधी तिला विचारायचं, बाई, तुझ्या पोटात काय चाललंय. न विचारता वरून थर दिला तर फोड येणार. माझाही असाच निघेल, तुमच्या रंगासारखा."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसली. प्लास्टिककडे कुणी एवढं बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चाकं लावलेल्या फळीवर उताणी झोपून एका अवजड मोटारसायकलच्या पोटात शिरली होती. कोटिंगवाला आला, तिला नुसतं "आलो" म्हणाला आणि गुडघे टेकून प्लास्टिकवर वाकला. तेवढ्यात दादा खाली उतरला. त्याला दिसली फक्त कोटिंगवाल्याची पाठ.

"काय म्हणतंय काम?" दादाने विचारलं.

"इथे पाणी मुरतंय," मान वर न करता कोटिंगवाला म्हणाला.

दादा थबकला. "म्हणजे?"

"वरून सगळं छान दिसतंय हो. पण आतून गडबड आहे. मला तर आधीच संशय आला होता."

"कसला… संशय?"

"आता झाकून उपयोग नाही. आज ना उद्या वर येणारच."

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मोटारसायकलखाली पान्याचा आवाज थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" दादाने आवाज खाली आणला.

"सांगायला कशाला पाहिजे? समोर दिसतंय ना."

"धाकटीला कळलंय?"

"अजून नसेल. पण सांगायला तर लागेलच. नाहीतर त्यांची सगळी मेहनत फुकट."

दादा उलट्या क्रेटवर मटकन बसला. "हे बघा, माझी परिस्थिती समजून घ्या. मेव्हणा आहे. बायकोचा सख्खा भाऊ. त्याच्या दुकानाची खोकी ठेवायला जागा नाही. कोरडी, स्वच्छ जागा बघा म्हणाला, आणि मी शब्द देऊन बसलो. फरशी झाली की धाकटीला हळूच समजावणार होतो…"

कोटिंगवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. हातात प्लास्टिक, त्यावरून थेंब टपकत होते.

"मी," तो म्हणाला, "फरशीबद्दल बोलत होतो."

मग मोटारसायकलखालून चाकांची कुरकुर ऐकू आली आणि धाकटी सावकाश बाहेर आली. आधी बूट, मग पाना, मग चेहरा.

"थांबलास का, दादा? हळूच समजावणार होतास. समजाव. मी आडवीच आहे, चक्कर यायची भीती नाही."

"अगं, तसं नाही…"

"मी घासायचं, मी भरायचं, मी रंगवायचं. आणि मेव्हण्याने खोकी ठेवायची. अनवाणी कोण उभं राहणार होतं, तू की तो?"

"तुझं काय, तू कुठेही काम करशील. उद्या लग्न होऊन जाशील, मग ही जागा—"

"जाईन किंवा नाही जाणार. गेले तर गॅरेज ओढत नेईन. गाड्या ओढायची सवय आहे मला."

आतल्या दारात आई उभी होती, हातात पुसायचं फडकं घेऊन. किती वेळ ते तिलाच ठाऊक. "काय रे," तिने शांतपणे विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या, आई."

"आणि गॅरेज कुणाच्या घराला चिकटलंय? शेजाऱ्यांच्या?"

दादाने मान खाली घातली.

"खोकी तुझ्या झोपायच्या खोलीत ठेव. कोरडी आहे, स्वच्छ आहे. दिलेला शब्दही पाळला जाईल."

"आई, थांब," धाकटी उठून उभी राहिली. "तू देतेस म्हणून नको मला. याने अट घातली होती ना? मी फरशी करणार, हा तिच्यावर अनवाणी उभा राहणार, आणि मग गप्प बसणार. कायमचा. अट म्हणजे अट." मग ती कोटिंगवाल्याकडे वळली. "आणि हे खरं पाणी कुठून येतंय?"

तो बाहेर जाऊन बघून आला. छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीच्या मधोमधच संपत होता. छपरावरचं सगळं पाणी भिंतीच्या मुळाशी.

"तो पाइप कुणी कापला?" त्याने आत येऊन विचारलं.

आईने दादाकडे पाहिलं. धाकटीने पाहिलं. शेवटी कोटिंगवाल्यानेही पाहिलं.

"गाडीला घासत होता," दादा पुटपुटला.

म्हणजे दोन्हीकडचं पाणी दादाचंच. त्या रविवारी शिडीवर चढून त्याने स्वतः पाइप लांब केला, थेट नाल्यापर्यंत. वहिनी खिडकीतून "सांभाळून हो" म्हणत होती, पण तिच्या आवाजात काळजीपेक्षा करमणूक जास्त होती. नवऱ्याने आपल्या भावाला शब्द दिलाय हे तिलाही त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि खोकी तिच्याच कपाटासमोर येऊन पडली होती.

फरशी वाळायला सोडली आणि कोटिंगवाल्याचं येणं-जाणं सुरू झालं. रोज संध्याकाळी यायचा, नवं प्लास्टिक चिकटवायचा. रोज सकाळी यायचा, ते काढायचा. मधल्या वेळात बाकावर बसून चहा प्यायचा आणि धाकटी इंजिनात हात घालून बोलत राहायची. कुठला नट हवाय हे ती मागायच्या आत तो पुढे करायला लागला. एकदा दोघांनी एकाच वेळी एकाच नटाला हात घातला. बोटं तेलकट होती, निसटली… पण लगेच नाही निसटली.

"तुमचं हे काम," तिने एकदा विचारलं, "दोन डबे का असतात?"

"एकात राळ, एकात तिला घट्ट करणारं औषध. वेगवेगळे ठेवले तर वर्षानुवर्षं काही होत नाही. नुसते शेजारी शेजारी बसून राहतात. एकत्र केले की मात्र वेळ सुरू. हात उचलायचा आणि काम करायचं, विचार करत बसलात तर डब्यातच दगड."

"आणि परत वेगळे करायचे असले तर?"

"नाही होत," तो म्हणाला आणि रिकाम्या कपात चमचा ढवळत राहिला.

धाकटी इंजिनावर वाकली. हसू लपवायला इंजिनासारखी जागा नाही. पण घरात आल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. फरशी झाली की हा माणूस रोलर खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये जाणार. गॅरेज तर राहील. संध्याकाळी त्या बाकावर कोण बसेल?

आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "एक सांगू? फरशी कधीच वाळली. मी काल बघितलं, प्लास्टिकखाली थेंब नाही. तरी हा रोज नवं चिकटवतोय."

"खात्री करून घेत असेल."

"हो का. मला तर वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

शेवटी दादाच म्हणाला, किती दिवस प्लास्टिक चिकटवणार, आणि काम सुरू झालं. यंत्राने जुना रंग खरवडला, धूळ ओढून घेतली, ओल अडवणारा पहिला थर दिला. मग आला रंगाच्या थराचा दिवस. धाकटीने गाड्या बाहेर काढल्या आणि मागच्या बाकावर पाय वर घेऊन कार्बोरेटर साफ करत बसली. कोटिंगवाल्याने बुटांखाली लांब खिळ्यांचे तळवे बांधले. ओल्या थरावरून चालायला तेच लागतात; खिळ्यांची भोकं माल पातळ आहे तोवर आपोआप मिटतात. दोन डबे एकत्र करून त्याने ढवळले, फरशीवर ओतले आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली.

"लहानपणी काय व्हायचं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"चित्रकार."

"मग?"

"मग काय, मोठी चित्रं काढतो. एकरंगी."

ती हसली. तो रोलर ओढत मागे सरकला. तिने पहिली खोललेली सायकल सांगितली, जी पुन्हा जोडली तेव्हा तीन भाग उरले होते आणि तरी चालली. तो हसत मागे सरकला. बोलणं चाललं होतं, रोलर चर्र चर्र करत होता, दारातून ऊन आत येत होतं. शेवटी त्याची टाच उंबऱ्याला लागली. तो बाहेर पडला, कंबर सरळ केली आणि समाधानाने आत पाहिलं.

समाधान एकदम ओसरलं.

मधे सगळी फरशी तळ्यासारखी चमकत होती. आणि पलीकडच्या काठावर, बाकावर, मांडी घालून धाकटी. घरात जायचं आतलं दारही तिच्यापासून तळ्यापलीकडेच.

"अहो…" ती म्हणाली.

वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "कुणाला गं अहो म्हणतेस?"

"कुणाला नाही," दोघं एकदमच म्हणाले.

"दोन मार्ग आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "एक तर मी आत येतो आणि… म्हणजे… तुम्हाला उचलून…"

"दुसरा?"

"उद्यापर्यंत तिथेच बसायचं."

"तिसरा. तळवे फेका इकडे. माझे पाय मला आहेत."

त्याने खिळ्यांचे तळवे सोडून फेकले. तिने हवेतच झेलले, बुटांना बांधले, आणि बगळ्यासारखी एकेक पाय उचलत निघाली. मधोमध येऊन थांबली.

"एक सांगा. आजवर कुणाला आत विसरला होतात?"

"नाही."

"मांजर?"

"नाही."

"मग मी कशी राहिले?"

"चालत राहा. माल घट्ट होत आलाय, खुणा राहतील."

"राहू देत. आधी बोला."

त्याने रोलर भिंतीला टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. "तुम्ही बोलत होतात… मी ऐकत होतो. भिंत गेली, बाक गेलं, कळलंच नाही. उंबरा लागला तेव्हा कळलं की काम संपलं. आणि काम संपल्याचं वाईट वाटलं. असं कधी वाटत नाही मला."

"आणि ते रोजचं प्लास्टिक?"

तो खाली बघत राहिला. "फरशी… वाळली होती हो. पाइप बसला त्याच आठवड्यात."

"आईने ओळखलं होतं. पाणी मुरतंय म्हणाली."

"मग आता…"

"आता झाकून उपयोग नाही. आज ना उद्या वर येणारच. तूच म्हणाला होतास ना?"

तो बघतच राहिला. "'तू' म्हणालात मला."

"म्हणाले. तूही म्हण. डबे एकत्र केल्यावर विचार करत बसायचं नसतं, दगड होतो."

"तू…" त्याने तो शब्द जिभेवर एकदा घोळवून पाहिला. "तू आधी बाहेर ये. माझ्याजवळ."

त्याने हात पुढे केला. कुणाचा हात धरायची सवय नसलेली धाकटी उरलेलं अंतर खिळ्यांवर टकटक करत आली, उंबऱ्याशी आली आणि हात धरला. तोल व्यवस्थित होता. तरीही धरला. उंबरा ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

पुढे त्यावर वाळू घातलेला पारदर्शक थर चढला आणि फरशी पक्की झाली. ठरल्याप्रमाणे दादा चपला काढून आत आला, अनवाणी उभा राहिला, चार पावलं चालला. पायाला धूळ नाही. त्याने तोंड उघडलं, अट आठवली, मिटलं. पण मधोमध त्याला काचेखाली अडकल्यासारखे दोन पावलांच्या आकारात उमटलेले बारीक ठिपके दिसले आणि राहवलं नाही.

"हे काय गं?"

धाकटीने बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या माणसाचा चमचा कपात उगाचच फिरत होता.

उत्तर आईने दिलं. आतल्या दारातून, फडकं झटकत.

"तिथेच मुरलं पाणी."